जास्तीचे आठ लिटर

माझ्या सुनेला एक वाईट खोड आहे. मी नळ बंद केला की ती मागाहून येते आणि त्याच नळाला अर्धा पीळ देऊन जाते. बोलत काही नाही. नुसता पीळ देते. मी दाराला कडी घातली की ती कडी हलवून बघते. मीठ घातलंय म्हटलं तरी चमचा घेऊन चव बघते. लग्नाला चार वर्षं झाली, पण माझ्या हातचं एक काम तिनं नजरेखालून घातल्याशिवाय सोडलेलं नाही. ही लॉन्ड्री मी बत्तीस वर्षं चालवतेय, त्यातली अठरा वर्षं एकटीनं. हॉटेलांचे टेबलक्लॉथ, दवाखान्याच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, सगळं ह्या हातांखालून गेलंय आणि आजवर कुणाचं बटणसुद्धा हरवलेलं नाही. आणि ही कालची पोरगी माझ्यामागे नळ पिळत फिरणार.

त्या दिवशी सकाळी मी लावलेली खिडकी तिनं उघडून परत लावली, तेव्हा माझा तोल गेला. इस्त्रीच्या बाया समोर उभ्या होत्या, पण मी कुणाची भीड ठेवली नाही. म्हटलं, माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर दुकानावर तशी पाटी लाव, म्हणजे गिऱ्हाइकांनाही कळेल. तिचे कान लाल झाले. "चुकलं, आई," म्हणाली. "आज तुम्ही झालं म्हणाल ते झालं."

मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानंच पुढं घोळ घातला.

त्या दिवशी सगळ्यांचीच डोकी तापलेली होती, त्याला कारण होतं. आमचा जुना बॉयलर गेला होता आणि त्याच्या जागी नवा बसला होता. बसवला कुणी, तर ह्याच सुनेनं. ती गॅसची मेस्त्री आहे. आमच्याकडे स्थळ आलं तेव्हा मला वाटलं होतं की पोरगी कुठं ऑफिसात बसून कागद पुढं ढकलत असेल. पहिल्या भेटीत तिच्या नखांत काळं दिसलं तेव्हा मी मुलाला चिमटा काढला होता. आता तेच हात बघितले की मी शेजारणीला मुद्दाम हाक मारते.

पण तिचं एक दुखणं होतं. सहा वर्षं ती दुसऱ्याच्या हाताखाली बॉयलर बसवतेय. पाइप ही वाकवणार, जोड ही आवळणार, आणि शेवटी एक म्हातारा मेस्त्री ढेकर देत येणार आणि कागदावर सही ठोकून जाणार. काम हिचं, नाव त्याचं. स्वतःची सही चालायची तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी एक बॉयलर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं बसवून, तपासनिसाच्या डोळ्यांदेखत चालू करून दाखवावा लागतो. तो पास म्हणाला तर कागदावर हिची सही. नापास म्हणाला तर वर्षभर पुन्हा अर्जसुद्धा करता येत नाही. तिनं आमचाच बॉयलर परीक्षेला लावला होता. मी ती गोष्ट कोपऱ्यावरच्या चांभारापासून दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती. म्हणजे नाक तिचं एकटीचं नव्हतं, माझंही पणाला लागलं होतं.

आता नवा बॉयलर कसा, तर भिंतीवर टांगलेलं पांढरं कपाट. जुन्याला पोटावर काचेचा एक डोळा होता. मी रोज सकाळी त्यातून ज्योत बघायची. निळी असली की खुशाल, पिवळी पडली की मेस्त्रीला बोलवायचं. ह्या नव्याला डोळाच नाही. आत काय जळतंय ते बाहेरून कळायचं कसं, असं मी सुनेला विचारलं, तर म्हणाली, मोजून. दोन मोजण्या करायच्या. एक गॅसचा दर.

मी म्हटलं, दर कंपनी ठरवते, तो तू मोजून काय कमी होणार आहे? ती इतकी हसली की हातातला पाना खाली पडला. मग तिनं समजावून सांगितलं. हा दर म्हणजे पैशाचा नव्हे. बॉयलर पूर्ण जोरावर लावायचा, हातात घड्याळ धरायचं, आणि दोन मिनिटांत मीटरमधून किती गॅस गेला ते बघायचं. आमच्या बॉयलरनं शंभर लिटर खायला पाहिजे. पाच इकडे, पाच तिकडे चालतं. मग बॉयलर अगदी कमीवर आणायचा आणि पुन्हा दोन मिनिटं. तेव्हा वीस. आणि दुसरी मोजणी धुराची. धुराच्या नळीला एक बारीक भोक असतं, त्यात दांडी घालायची, दांडीच्या मागच्या यंत्रावर आकडे येतात. गॅस नीट जळला की नाही आणि विषारी वायू किती झाला, ते त्यावरून कळतं. म्हणजे पोटात काय गेलं ते एकाकडून कळणार आणि बाहेर काय आलं ते दुसऱ्याकडून. मला पटलं. पाच मुलांना नाही, पण एकाला तरी मी वाढवलंय. बाळाची तब्येत अशीच बघतात.

बॉयलरची खोली आमच्या इस्त्रीच्या हॉलमागे सात पायऱ्या उतरून आहे. वर हॉलच्या कोपऱ्यात माझी खळीची शेगडी. आमच्या लॉन्ड्रीचं नाव आहे ते माझ्या खळीमुळे. कॉलर उभी राहते पण मानेला टोचत नाही, हे शहरात दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. खळ मोठ्या आचेवर उकळून घ्यायची, मग आच मंद करून तासभर ढवळत बसायचं. घाई केली की गुठळ्या. म्हणून ह्या हॉलमध्ये दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी ओरडत असतं, आच मंद करा, आच मंद केली का. तीन दिवस गरम पाणी नव्हतं, टेबलक्लॉथचा डोंगर साचला होता. पाणी तापल्या तापल्या कामाला लागता यावं म्हणून मी सकाळीच खळ चढवली होती.

तपासनीस बरोबर दहाला आला. उंच, वाळका, बिनइस्त्रीचा शर्ट. त्याच्या शर्टाकडे बघून माझे हात शिवशिवले, पण परीक्षा संपेपर्यंत गप्प बसायचं असं मुलानं मला बजावलं होतं. माणूस चहाला नाही म्हणाला, खुर्चीला नाही म्हणाला. खिशातून पेन काढलं, फळीवर कागद लावला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्याकडे बघून काही कळायचं नाही. तोही डोळा नसलेल्या बॉयलरसारखाच.

सून पायऱ्या उतरून खाली गेली, तिच्यामागे तपासनीस. मुलगा पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहिला. चार दिवस तो बायकोइतकाच जागा होता, दाढी वाढलेली. इस्त्रीच्या बायांना मी कामाला जुंपलं होतं, पण एकीचीही इस्त्री सरळ चालत नव्हती. त्यातली मोठी, जिला आम्ही ठसका म्हणतो, कारण तिला हसू आलं की ठसका लागतो, तिनं तर एकच रुमाल चार वेळा घडी घातला.

खालून पंप सुरू झाल्याचा आवाज आला. पाइपातून पाणी खळाळायला लागलं, भिंतीतून कुणी सामान ओढत नेतंय असं. तेवढ्यात सुनेची हाक आली, शेगडीची. मी पटकन गेले, कॉक वळवला आणि ओरडून सांगितलं की केली. तिनं पुन्हा विचारलं, केली ना? मी म्हटलं, एकदा सांगितलेलं पुरत नाही का? खालून काही आवाज आला नाही. सकाळचं बोलणं तिच्या लक्षात आहे, असं मला वाटलं, आणि मी मनात म्हटलं, लागली वळणाला.

मग मलाही राहवेना. मी पदर खोचला आणि पायऱ्या उतरले. तपासनिसानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दुकान माझं आहे. तो बाजूला सरकला.

सुनेनं बटण दाबलं. आधी नुसता पंख्याचा सूं आवाज, मग टक टक टक, आणि मग आतून एक दबका धप्प. पेटला. काही दिसलं नाही, पण पांढऱ्या पत्र्यामागे एक गुरगुर सुरू झाली आणि मी हात लावला तर पाइप माझ्या हाताखाली गरम होत गेला, कोमट, मग सोसेनासा. तीन दिवसांनी. मुलगा वरून विचारत होता, पेटला का, पेटला का. मी म्हटलं, पेटला, आता तू पेटू नकोस.

सुनेनं पूर्ण जोर लावला, दहा मिनिटं त्याला स्थिर होऊ दिलं. मग एका हातात घड्याळ आणि नजर मीटरवर. मीटरच्या लाल आकड्याचं चाक असं सरकतं की बघताना आपणच श्वास धरतो. मीही धरला. दोन मिनिटं इतकी लांब असतात हे मला माझ्या बाळंतपणानंतर त्याच दिवशी कळलं. घड्याळ वाजलं. तिनं वजाबाकी केली. मग दुसऱ्यांदा केली.

"एकशे आठ," ती म्हणाली.

तपासनिसानं लिहिलं. मी त्याच्या पेनाकडे बघत होते. आठ म्हणजे पाचाच्या पुढं. मुलगा पायऱ्या उतरून खाली आला. त्यानं हळूच म्हटलं की गॅसच्या झडपेला स्क्रू असतो ना, तो जरासा फिरव, येईल शंभरावर. खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं. आच जास्त असेल तर कमी करायची, ह्यात काय शिकायचंय?

सूनबाईनं स्क्रूला हात लावला नाही. दांडी धुराच्या नळीत घातली. यंत्रावर आकडे पळायला लागले, पळता पळता थांबले. गॅस नीट जळल्याचा आकडा बॉयलरच्या पुस्तकात नऊ लिहिलाय, यंत्रावरही नऊ. विषारी वायू नावापुरता. तिनं पुस्तक तपासनिसाला दाखवलं आणि म्हणाली की बॉयलरच्या पोटात आठ लिटर जास्त जात असते तर ते धुरात दिसले असते. धूर म्हणतोय जेवण बेताचं आहे. मीटर म्हणतोय जास्त आहे. दोघांतला एक चुकतोय.

"मग काय करणार?" तपासनिसानं विचारलं. त्याच्या बोलण्यात मीठ नव्हतं, मिरची नव्हती. मुलानं पुन्हा स्क्रूकडे बघितलं.

"आता कमीवर मोजणार," ती म्हणाली.

बॉयलर खाली आणला. गुरगुर बारीक झाली. पुन्हा घड्याळ, पुन्हा लाल चाक. ह्या वेळी मी मनात अंक मोजत होते आणि माझे अंक कुठं तरी साठानंतर घसरले. तिनं वजाबाकी केली आणि तिचा चेहरा बदलला. मी तो चेहरा ओळखते. हरवलेला मोजा सापडला की माझा तसा होतो.

"अठ्ठावीस. वीस पाहिजे होते." ती तपासनिसाकडे वळली आणि एकदम भराभर बोलायला लागली, एरवी जी चार शब्दांवर दिवस काढते ती. "बघा ना. जोरावर आठ जास्त आणि कमीवरही आठच जास्त. झडप चुकली असती तर मोठ्या आचेला मोठी चूक आणि बारीक आचेला बारीक चूक आली असती. हे आठ बॉयलरचे नाहीतच. दुसरं कुणीतरी खातंय."

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, कौतुकाचा. शाळेत मी दुसरीत जेमतेम टिकले, पण पोरगी काय बोलली ते मला लखलखीत कळलं. ताटात दोघं जेवतायत, आणि आपण एकाचंच पोट मोजतोय.

तिनं बॉयलर पुरता बंद केला. पंखा थांबला, खोली एकदम मुकी झाली. आणि आम्ही चौघं मीटरपुढं उभे राहिलो, डोकी अशी एकमेकांना लागतील इतके जवळ. लाल चाक थांबलं नाही. सावकाश, पण सरकत होतं. मिनिटाला चार.

त्या क्षणी खोलीतली हवाच बदलली. तपासनिसानं पहिल्यांदा फळी खाली धरली. तो म्हणाला की कुठं गळती असेल तर त्याला मीटरला सील ठोकून जावं लागेल, आणि तसं झालं तर परीक्षेचा प्रश्नच उरत नाही. सगळे पाइप हिनं जोडलेले. सून म्हणाली की काल तिनं पाइप दाबावर ठेवून बघितलेत, काटा तसूभर हलला नव्हता. तो म्हणाला की काल हलला नसेल, आज चाक फिरतंय. मग त्यानं विचारलं, ह्या मीटरवर वर आणखी काय आहे?

"एक शेगडी. ती बंद आहे."

"बघितलीत?"

"आईंनी बंद केलीय," ती म्हणाली. आणि अशी म्हणाली की त्यापुढं त्याला विचारायला जागाच उरली नाही.

माझी मान ताठ झाली. चार वर्षांत पहिल्यांदा. मी मुलाकडे बघितलं, ऐकलंस का म्हणून.

सुनेनं साबणाच्या पाण्याची वाटी आणि कुंचला घेतला आणि मीटरपासून पहिल्या जोडाला फेस लावायला बसली. बुडबुडा आला तर गळती. मुलगा नाक पुढं करून पाइपाच्या कडेनं हुंगत निघाला. मी त्याला म्हटलं, लहानपणी सर्दीनं तुझं नाक दहा महिने बंद असायचं, आता काय हुंगतोस? पण माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. पहिला जोड कोरडा. दुसरा कोरडा. फेस जमिनीवर ठिबकत होता. वर्षभर. पुन्हा तो म्हातारा ढेकर देत येणार आणि हिच्या कामावर सही ठोकणार. मला बघवेना. आणि तेवढ्यात मला आठवलं की खळ ढवळायची राहिलीय, खाली लागली तर टेबलक्लॉथला पिवळे डाग पडतील.

मी वर गेले. लाकडी डाव घेतला, पातेल्यात घातला, ढवळला. खळ सुंदर झाली होती, काचेसारखी. आणि मी नेहमीसारखी वाकून ज्योत बघितली.

शेगडीच्या कडेनं निळे दाणे लागले होते, बारीक, एकसारखे. माझ्या हातची मंद आच.

तिची हाक माझ्या कानात पुन्हा वाजली. पंपाचा आवाज, पाण्याची खळखळ, आणि त्यातून तिची ती पातळ हाक. आई, शेगडी बंद करा. मी ऐकलं होतं, मंद करा. ह्या जागी उभं राहून बत्तीस वर्षं मी तेच ऐकत आलेय. कानाला दुसरं काही माहीतच नाही. डॉक्टरीणबाई वर्षभर म्हणतायत की कान तपासून घ्या, आणि मी त्यांना म्हणतेय की तुम्हीच जरा तोंड उघडून बोला.

डाव हातात तसाच राहिला. दुसरा हात कॉकवर गेला. अर्धा पीळ दिला असता तर खाली चाक थांबलं असतं. कुणाला कळलं नसतं. इस्त्रीच्या बायांची पाठ माझ्याकडे होती. मी खाली जाऊन म्हटलं असतं, थांबलं का, बरं झालं. आजपर्यंत मी ह्या हॉलमध्ये कुणापुढं चुकले म्हटलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, गिऱ्हाइकापुढं नाही. आणि आज म्हणायचं ते त्या पोरीपुढं, जिला सकाळीच बायांदेखत उभी सोलली होती.

पण मग ती खाली काय करणार? नसलेली गळती शोधणार. आपोआप आलेली आणि आपोआप गेलेली गळती तो वाळका माणूस कागदावर कशी लिहील, ते मला न शिकताही कळत होतं. ती जोडाजोडाला फेस लावत बसेल, आणि तिला एकही बुडबुडा सापडणार नाही, आणि तो पेन खिशात घालून निघून जाईल. तिचं गणित बरोबर होतं. दुसरं कुणीतरी खात होतं. मीच.

मी पायऱ्यांच्या तोंडाशी आले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं, "मीटरकडे बघा. सगळे बघा. मी शेगडी बंद करतेय. मघाशी मी मंद केली होती."

ठसकाला ठसका लागला. मी तिच्याकडे नुसतं बघितलं, तो विरला. मग कॉक फिरवला. निळे दाणे गेले.

 खालून मुलाचा आवाज फुटला, थांबलं, आई, थांबलं. मी खाली उतरले तेव्हा तो मीटरला हात जोडल्यासारखा उभा होता. सून जमिनीवरच बसली होती, कुंचला मांडीवर, फेस साडीच्या काठाला लागलेला, आणि हसत होती की रडत होती ते तिलाही ठाऊक नसावं.

तपासनीस मात्र तसाच होता. तो मला म्हणाला, "बाई, पुन्हा लावा. मघाशी होती तेवढीच."

मी वर गेले आणि पुन्हा लावली. तेवढीच. ठसका म्हणाली की तेवढीच म्हणजे किती, कसं कळणार? मी म्हटलं, तुला नाही कळणार. खाली दोन मिनिटं मोजली गेली आणि सुनेचा आवाज वर आला, ह्या वेळी तो माझ्या कानालाही लख्ख ऐकू आला. आठ. बरोब्बर आठ, ना थेंब कमी, ना थेंब जास्त. माझी चूक होती हे कबूल. पण एकदा लावलेली आच दुसऱ्यांदा तेवढीच लावून दाखवावी, आणि ती मीटरनं मान्य करावी, हे शहरात दुसऱ्या कुणाला जमणार नाही, हेही लिहून ठेवा.

शेगडी बंद केली. ह्या वेळी सून स्वतः वर आली, कॉक हलवून बघितला. मी तोंड मिटून उभी राहिले.

मग सगळं पहिल्यापासून. धप्प, गुरगुर, दहा मिनिटं. आता खाली जागा नव्हती, कारण बायाही इस्त्र्या बंद करून पायऱ्यांवर ओळीनं बसल्या होत्या आणि तपासनिसानं काही म्हणायचं सोडून दिलं होतं. घड्याळ सुरू झालं तसं कुणीतरी पुटपुटत आकडे म्हणायला लागलं, मग दुसरी, मग सगळ्या. चाक ऐंशीच्या पुढं गेलं तशी ठसकानं माझा दंड धरला. घड्याळ वाजलं.

"शंभर."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, अजून अर्धं बाकी होतं. कमीवर आणला. पुन्हा दोन मिनिटं. वीस. दांडी नळीत घातली, धूर पुस्तकाप्रमाणे, दोन्ही वेळा. तेव्हा मात्र पायऱ्यांवर असा गलका झाला की कोपऱ्यावरचा चांभार विचारायला आत आला.

गलका ओसरल्यावर तपासनिसानं सुनेला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मीटर मोजण्याआधी शेगडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असते, कुणीही काहीही सांगितलेलं असो. ती म्हणाली, हो, चुकलं. दुसरी, आकडा जुळवायला तिनं स्क्रू फिरवला असता, तर बॉयलर उपाशी जळत राहिला असता आणि त्यानं तिथंच पेन खिशात घातलं असतं. मुलगा हळूच माझ्यामागे सरकला.

मग त्यानं फळी तिच्या हातात दिली. खाली सहीची जागा होती, रिकामी. तिच्यावर शेऱ्याची ओळ, पहिली मोजणी बाद का झाली ते लिहायला. सुनेनं पेन घेतलं आणि लिहायला लागली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. मला वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर लावावं लागतं, पण मी लावलं. तिनं लिहिलं होतं की मेस्त्रीनं सूचना स्पष्ट आवाजात दिली नाही. पुढं आणखी लिहिणार होती. माझी चूक उचलून स्वतःच्या सहीच्या वर ठेवत होती, आणि तेही मला दिसणार नाही अशा बेतानं, बारीक अक्षरात.

मी तिच्या हातून पेन काढून घेतलं. तपासनिसाचे डोळे पहिल्यांदा मोठे झाले. मी पेन पुन्हा तिच्या बोटांत दिलं, तिची ओळ बोटानं दाखवली, आणि सगळ्यांदेखत तिला सांगितलं:

"हे खोड आधी. सहा वर्षं तुझ्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं, आता माझ्या चुकीवर तुझं नाव लावतेस? मी जिवंत असताना? लिही, सासूनं चुकीचं ऐकलं आणि सुनेनं बरोबर मोजलं. तेवढंच लिही. त्याच्या खाली तुझी सही कर. आणि मोठ्या अक्षरात कर, मला वाचायचीय."